सल्ला: "इन-चार्ज सिस्टर फार कडक आहेत, थांबू का सोडू?"

नाशिकहून एका स्टाफ नर्सचं पत्र आलंय. वय २६, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत १४ महिने काम करतीये. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. तिच्या इन-चार्ज सिस्टर ड्युटीच्या २० मिनिटं आधी हजर असतात, ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, देता-घेताना प्रत्येक बेडपाशी सगळ्यांना उभं करून औषधाच्या पंपाचा रेट मोठ्यानं वाचायला लावतात, चादरीला एक सुरकुती दिसली तरी बोलतात, आणि बोलतात म्हणजे पेशंटच्या नातेवाईकांसमोर, मावशींसमोर, सगळ्यांसमोर. कोणाची चूक दिसली की तिचा फोटो काढून वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावासकट टाकतात. रोस्टर रात्री ९ ला बदलतं. बहिणीच्या साखरपुड्याला मागितलेली सुट्टी आदल्या दिवशी नाकारली. पण तीच मुलगी पुढं लिहिते, की एका सर्जननी तिच्यावर आवाज चढवला तेव्हा याच सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्या मुलीला काय विचारायचंय ते मला विचारा." आणि व्हेंटिलेटर असो, आर्टिरियल लाईन (धमनीतली नळी) असो, जे काही येतं ते त्यांनीच शिकवलंय. आई म्हणते पळसाला पानं तीनच, दुसरीकडे जाऊन काय वेगळं मिळणार. मैत्रिणी म्हणतात सोड. तिचा प्रश्न असा: "ताई, त्या चांगल्या आहेत का वाईट, मला खरंच कळत नाही. मी काय करू?"

अगं, पहिल्यांदा एक सांगते, तुला कळत नाही यात तुझं काही चुकत नाहीये. ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली ११ इन-चार्ज म्हणून, आणि मलाही अशा बाईबद्दल एका शब्दात उत्तर देता येणार नाही. त्यामुळं चांगल्या का वाईट हे बाजूला ठेवू आणि त्या नेमकं काय काय करतात ते एकेक करून बघू, कारण त्यातलं काही सोन्यासारखं आहे आणि काही खरंच धोक्याचं आहे, आणि दोन्ही एकाच बाईच्या अंगात असल्यामुळं तुझा गोंधळ होतोय.

ते बेडपाशी उभं राहून ओव्हर घेणं. तुला त्याचा वैताग येतो असं लिहिलंयस, नाईट संपवून घरी जायची घाई असते, पाय दुखत असतात, मला माहितीये. पण मी अशा वॉर्डात काम केलंय जिथं ओव्हर टेबलापाशी चहा पिता पिता व्हायची, "बेड ४ स्टेबल, बेड ५ स्टेबल" एवढंच, आणि मग सकाळी ९ ला कळायचं की बेड ५ ची नॉरअ‍ॅडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आलीये आणि दुसरी भरलेलीच नाही. आयसीयूत जे बिघडतं त्यातलं पुष्कळसं शिफ्ट बदलतानाच हातातून निसटतं. तुमच्या सिस्टर तिथंच उभ्या राहतात, म्हणजे त्यांना काम कळतं. लॅरिंगोस्कोपचा (श्वासाची नळी घालताना घशात बघायच्या यंत्राचा) दिवा पेटतो का, सक्शन ओढतंय का, क्रॅश कार्टचं (इमर्जन्सीच्या ट्रॉलीचं) सील तुटलंय का, डोक्याकडची बाजू ३० अंशाच्या वर आहे का, हे रोज बघणारी बाई कोणाला आवडत नाही पण रात्री ३ ला पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे हृदय थांबलं, की तिच्याच वॉर्डात सगळं जागेवर सापडतं. चादरीच्या सुरकुतीचंही तसंच बघ, बेशुद्ध पेशंटच्या पाठीखाली ती सुरकुती ६ तास राहिली तर काय होतं ते तू बेडसोरचं ड्रेसिंग करताना पाहिलं असशीलच.

आणि डॉक्टरांसमोर उभं राहणं, ही तर मी सगळ्यात वरची गोष्ट धरते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना करायच्या ५ साध्या गोष्टींची यादी केली होती, हात धुवा, क्लोरहेक्सिडिननं कातडी साफ करा, पेशंटला पूर्ण झाकणारं निर्जंतुक कापड (ड्रेप) वापरा, शक्यतो मांडीतून लाईन घालू नका, गरज संपली की लाईन काढा. यातलं काही कोणाला माहीत नव्हतं असं नाही. फरक एवढाच केला की डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर नर्सनं त्याला थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी हॉस्पिटल उभं राहील. मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी हे काम केलं, डिसेंबर २००६ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, लाईनच्या इन्फेक्शनचा मधला आकडा १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ होता तो ३ महिन्यांत शून्यावर आला. आपल्याकडे कित्येक इन-चार्ज डॉक्टरसमोर मान खाली घालतात आणि ज्युनिअरवर वाघ होतात. तुमच्या सिस्टर दोन्हीकडे सारख्याच कडक आहेत, हे मी फार मोलाचं मानते, आणि तू पुढं कुठंही गेलीस तरी हे त्यांच्याकडून उचल.

आता दुसरी बाजू. तुझ्या पत्रात शेवटाकडे एक परिच्छेद आहे, तू तो जाता जाता लिहिल्यासारखा लिहिलायस पण मी तो चारदा वाचला. मागच्या महिन्यातली नाईट. रात्री २ ला शुगर १४८ आली, ड्युटी डॉक्टरनी इन्सुलिन ४ युनिटवरून २ वर आणायला सांगितलं, तू चार्टवर २ लिहिलंस आणि पंपाकडे हात नेणार तेवढ्यात बेड ६ चं सॅच्युरेशन पडलं, तू सक्शनला धावलीस आणि पंप ४ वरच राहिला. ३ ला शुगर ८४ आली तेव्हा लक्षात आलं. डॉक्टरना सांगितलंस, त्यांनी पंप बंद करून अर्ध्या तासानं परत शुगर बघायला सांगितली, पेशंटला काही झालं नाही, डॉक्टर म्हणाले राहू दे आता. आणि तू लिहितेस, "सिस्टरना सांगितलं नाही, चार्टही तसाच ठेवला, कारण सांगितलं असतं तर सकाळी ग्रुपवर माझा फोटो आला असता."

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यातच आहे बघ.

तुला दोष द्यायला म्हणत नाही, त्या क्षणी तू बरोबर धावलीस, श्वास आधी, पंप नंतर. पण पुढचा विचार कर. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर चार्ट बघणार, त्यांना दिसणार की २ युनिटवर एका तासात शुगर १४८ वरून ८४ वर आली, म्हणजे या पेशंटला इन्सुलिन फार लागू पडतंय, आणि त्या हिशोबानं ते पुढचा डोस ठरवणार. तो हिशोब खोट्या आकड्यावर उभा असणार. चुकीचा पंप तासाभरात बंद झाला पण चुकीचा आकडा दिवसभर काम करत राहिला असता. आणि तुमच्या सिस्टर, ज्या चादरीची सुरकुती सोडत नाहीत, त्यांना ही गोष्ट आजही माहीत नाहीये. त्यांच्या कडकपणाची सगळ्यात मोठी कमजोरी म्हणून मी हीच धरते. त्यांना ज्या चुका दिसतात त्या थांबतात, आणि ज्या दिसत नाहीत त्यांची बातमी त्यांच्यापर्यंत येईनाशी होते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९९ साली मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जिकल आयसीयूची इन-चार्ज होते आणि माझा दरारा होता. माझं इन्सिडेंटचं, म्हणजे चुकांच्या नोंदीचं, रजिस्टर ७ महिने कोरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, मेट्रन मॅडम दुसऱ्या वॉर्डांना माझं उदाहरण द्यायच्या. एका सकाळी ओव्हर घेताना एका ऑपरेशन झालेल्या आजोबांचा युरिनचा चार्ट बघितला तर रात्री १२ पासून ५०, ५०, ६०, ५०, ५०. इतका सारखा आकडा कधी येतो का? पोटावर हात ठेवला तर खालचं पोट दगडासारखं, आजोबा अस्वस्थ, बीपी वाढलेलं, लघवीची नळी (कॅथेटर) ब्लॉक. बदलल्यावर ९०० मिली आलं. नाईटची मुलगी २२ वर्षांची होती. पेशंट जास्त आले होते, तिचं १२ आणि १ चं मोजायचं राहिलं, तिनं अंदाजानं ५० लिहिलं, आणि ३ ला बॅग भरत नाहीये हे लक्षात आलं तेव्हा डॉक्टरला बोलवायचं म्हणजे आधीचे दोन आकडे खोटे होते हे बाहेर येणार, म्हणून ती पुढं लिहीतच गेली. मी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. ती रडत एकच वाक्य बोलली, "सिस्टर, तुम्हाला सांगायला भीती वाटली." त्या वेळी मला ते कारण सांगणं वाटलं. घरी गेल्यावर रात्री कोरं रजिस्टर डोळ्यांसमोर आलं आणि मला घाम फुटला, की ७ महिने या पानांवर जे लिहिलं गेलं नाही ते सगळं घडतच होतं, फक्त माझ्यापासून लांब. ती मुलगी दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेली, मी तिची माफी मागितली नाही, ते आजही टोचतं.

नंतर खूप वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांच्या कामाबद्दल ऐकलं. त्या पीएचडी करत असताना दोन हॉस्पिटलांमधल्या ८ वॉर्डांतल्या औषधांच्या चुका बघत होत्या, अपेक्षा अशी की जिथं टीम चांगली तिथं चुका कमी सापडतील. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या! खोलात गेल्यावर कळलं की तिथं लोक चुका बोलून दाखवत होते आणि जिथं इन-चार्जची भीती होती तिथं त्या दाबल्या जात होत्या. १९९६ मध्ये हा अभ्यास छापून आला. मला तो आधी माहीत असता तर मी कोऱ्या रजिस्टरला बक्षीस समजले नसते.

दुसरी कमजोरी तू लिहिली नाहीस पण मला तुझ्या पत्रातून दिसतीये. सिस्टरचा ऑफ असतो त्या दिवशी वॉर्ड कसा चालतो? तू एका ठिकाणी लिहिलंयस की रविवारी इंडेंट (औषधं-सामानाची मागणी) अडकतात, बेड कोणाला द्यायचा यावर वाद होतात, "उद्या सिस्टरना विचारू" म्हणून सगळं सोमवारवर जातं. म्हणजे १४ महिने त्यांनी तुम्हाला हात चालवायला शिकवलं पण निर्णय घ्यायला शिकवलं नाही, सगळ्या किल्ल्या स्वतःच्या पदराला. अशा वॉर्डात इन-चार्ज आजारी पडली की वॉर्डच आजारी पडतो, आणि त्या बाईलाही कधी विश्रांती मिळत नाही, मग चिडचिड अजून वाढते. ग्रुपवरच्या फोटोंचं तर मी अजिबात समर्थन करणार नाही, त्यात तुमची बेअब्रू आहेच पण पेशंटचा बेड, चार्ट, कधी चेहरासुद्धा येत असेल, आणि तो फोटो १८ जणांच्या मोबाईलमध्ये जातो. आजारी माणसाची माहिती अशी फिरवायचा हक्क कोणालाच नाही.

त्यांच्या बाजूनंही थोडं बघ, माफ कर म्हणून सांगत नाही, समजून बोलशील म्हणून सांगतेय. आपल्याकडे इन-चार्ज कोण होतं? जी जास्त वर्षं टिकली ती. सलाईन लावायला ३ वर्षं शिकवतात, माणसं सांभाळायला एक दिवसही शिकवत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक नर्स असावी असा नियम, आणि प्रत्यक्षात तुमच्याकडे एकीला २, कधी ३. रात्री ९ ला रोस्टर बदलतं ते बहुतेक वेळा कोणीतरी न सांगता सोडून गेलंय किंवा ८ ला फोन करून येत नाही म्हणालंय म्हणून. वरून एनएबीएचच्या (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) ऑडिटचा धाक, खाली मुली टिकत नाहीत, मध्ये ही एकटी. साखरपुड्याची सुट्टी आदल्या दिवशी नाकारणं मात्र चूकच, ती आठ दिवस आधी नाकारता आली असती, तुला काही सोय करता आली असती.

आता काय करायचं. आधी तो पंप. हो, तेच आधी, नोकरीचं नंतर. सिस्टरना गाठायची वेळ नीट निवड, सकाळची ओव्हर किंवा राउंड चालू असताना नको, ११ च्या पुढं त्या चार्ट तपासायला बसतात तेव्हा एकटीनं जा. बसून बोल. पेशंटपासून सुरुवात कर, स्वतःपासून नको, म्हणजे "सिस्टर, अमुक तारखेच्या नाईटला बेड ३ चा इन्सुलिनचा पंप तासभर ४ वर राहिला, चार्टवर २ आहे, पेशंटला त्रास झाला नाही, डॉक्टरना तेव्हाच सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही." एवढंच. बेड ६ चं कारण त्यांनी विचारलं तर सांग. चार्टवर खाडाखोड करू नकोस, जुना आकडा गिरवून बदलू नकोस, आजची तारीख वेळ घालून उशिरा केलेली नोंद म्हणून खाली लिहितात तशी लिही, आणि इन्सिडेंटचा फॉर्म भर. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, एक उपाय घेऊन जा: इन्सुलिन, केसीएल (पोटॅशियम), हेपरिन (रक्त गोठू न देणारं), इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं) यांचा रेट बदलताना दोघींनी पंपापाशी उभं राहायचं, आधी पंप बदलायचा, मग चार्ट लिहायचा, दुसरीनं सही करायची. रात्री दुसरी मिळत नसेल तर निदान पंप आधी, पेन नंतर. तुझ्या रात्री नेमकी हीच अदलाबदल झाली होती. शिस्तीची आवड असलेल्या बाईला अशी गोष्ट पटते, मी स्वतः तशीच होते म्हणून सांगते.

त्या चिडतील का? बहुतेक चिडतील. पहिल्या दोन मिनिटांवरून काही ठरवू नकोस, मीही चिडले असते. दोन दिवसांनी काय होतं ते बघ. त्या तुला परत बोलवून विचारतात का की हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू, का तुझं नाव ग्रुपवर येतं? मला त्यांच्याबद्दल जे जाणून घ्यायचंय ते सगळं यातून कळेल.

नातेवाईकांसमोर बोलण्याबद्दलही सांग, पण त्याच दिवशी नको, आठवडाभरानं. "मला अपमान वाटतो" हे खरंच आहे, तरी त्यांना ते लवकर पोचणार नाही. त्यांना पेशंटची भाषा कळते तर त्या भाषेत सांग, की सिस्टर, मला हवं तेवढं बोला, पण नातेवाईकांसमोर बोललात की त्यांचा माझ्यावरचा विश्वास जातो, मग मी औषध द्यायला गेले तरी ते विचारतात दुसऱ्या सिस्टरना बोलवा, आणि रात्री तर दुसरी कोणी नसते. फोटोचंही असंच, पेशंटचा चेहरा आणि नाव जातंय एवढं एकच म्हण. हे एकटीनं बोलण्यापेक्षा तुझ्याबरोबरची एखादी ४-५ वर्षं झालेली सिस्टर सोबत असेल तर बरं, पण घोळका करून जाऊ नका, घोळका आला की माणूस बचावाला उभा राहतो. सुट्टीसाठी तोंडी विचारणं बंद, महिनाभर आधी लेखी अर्ज, एक प्रत स्वतःकडे, आणि अर्जातच लिही की माझ्या बदली अमुक सिस्टर तयार आहेत, तिला आधी विचारून. बहिणीच्या लग्नाची तारीख ठरली असेलच ना आता, तो अर्ज उद्याच दे.

सोडायचं कधी ते पण स्पष्ट सांगते, कारण सहन कर असा सल्ला मी कोणाला देत नाही. पंपाची गोष्ट खरी सांगितल्याबद्दल शिक्षा झाली आणि उपायावर कोणी बोललंच नाही, तर सोड. कधीही कोणी चार्टवर खोटा आकडा लिहायला सांगितला, ऑडिटसाठी सुद्धा, तर त्याच दिवशी सोडायची तयारी सुरू कर, रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे, सिस्टरच्या नाही. आणि ड्युटीच्या आदल्या रात्री झोप येत नाही, पोटात गोळा येतो, हे तू लिहिलंयस, ते ३ महिन्यांत कमी झालं नाही तरी सोड, बाकी सगळं सुधारलं असलं तरी. जाताना नोटीस पिरियड पूर्ण कर, एक्सपिरियन्स लेटर हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रिन्यूअलची तारीख बघून ठेव. आयसीयूतल्या १४ महिन्यांच्या अनुभवाला आज कुठंही मागणी आहे, त्यामुळं घाबरून थांबू नकोस आणि घाबरून पळूही नकोस.

आईला सांग, पानं तीनच असली तरी कुठल्या पळसाखाली सावली आहे ते बघावं लागतं.

आणि तू विचारलेलं नाहीस तरी एक मागते. तुमच्याकडे मागच्या आठवड्यात दोन नवीन मुली आल्यात असं तू लिहिलंयस. त्यातली एखादी आज ना उद्या चुकणार, आणि ती सिस्टरकडे जाणार नाही, तुझ्याकडे येईल, कारण तू तिच्या जवळच्या वयाची आहेस. ती आली की आधी "पेशंट कसा आहे?" विचार, दोघी मिळून पंपापाशी जा, आणि मग तिला घेऊन सिस्टरकडे जा.

११ वाजता जाऊन बोललीस की मला लिही, काय म्हणाल्या ते. मी वाट बघतीये.